शब्दांचे प्रत्यर्पण

१

मालेगावात राहणाऱ्या माणसाला ‘आश्रय’ या शब्दाचा अर्थ कोशात शोधावा लागत नाही. १८५७च्या उठावानंतर उत्तरेत जी दडपशाही झाली तिच्यातून, आणि पुढे दुष्काळांतून, बाहेर पडलेली मोमीन विणकरांची कुटुंबे आग्रा रोडने दक्षिणेकडे आली व मोसम-गिरणेच्या परिसरातील या गावात त्यांनी आपले माग मांडले. आजचे यंत्रमागांचे शहर त्या आगमनातून घडत गेले. आलेल्यांपैकी कोण बंडात सामील होता आणि कोण केवळ भयाने निघाला होता याची छाननी करून प्रत्येकाला आल्या वाटेने परत धाडले गेले असते, तर हे शहर आज आहे तसे उभे राहिलेच नसते.

त्याच १८५७वर सुमारे पन्नास वर्षांनी याच नाशिक जिल्ह्यातील भगूर येथे जन्मलेल्या एका तरुणाने लंडनमध्ये बसून मराठीत ग्रंथ लिहिला. १९०९ साली, प्रसिद्ध होण्याआधीच, सरकारने त्या ग्रंथावर बंदी घातली. हा तरुण, विनायक दामोदर सावरकर, लंडनहून मराठी पत्रांसाठी बातमीपत्रे लिहीत असे. म्हणजे तो कायद्याचा विद्यार्थी होता तसाच राजकीय वार्ताहरही होता. १३ मार्च १९१० रोजी त्याला लंडनमध्ये अटक झाली आणि त्याला हिंदुस्थानात परत पाठवावे की नाही, हा प्रश्न प्रथम इंग्लंडच्या न्यायालयांपुढे व नंतर हेग येथील आंतरराष्ट्रीय लवादापुढे गेला.

प्रस्तुत लेखाचा विषय सावरकरांचे चरित्र हा नाही. त्यांच्या पुढील राजकारणाचे मूल्यमापन हाही नाही. एखाद्या सत्तेने छळासाठी मागितलेल्या लेखकाचे किंवा पत्रकाराचे प्रत्यर्पण करू नये असे आपण जेव्हा म्हणतो, तेव्हा त्या विरोधाचा नैतिक आधार कोणता असतो, एवढाच प्रश्न येथे विचारात घ्यावयाचा आहे. सामान्यतः या विरोधाला दोन आधार दिले जातात. ‘तो निर्दोष आहे’ हा पहिला आणि ‘तो आपला आहे’ हा दुसरा. माझ्या मते दोन्ही आधार अपुरे आहेत. निर्दोषत्व सिद्ध व्हावयाचे ते खटल्यात. ते आधीच गृहीत धरले तर मागणी करणाऱ्या सत्तेला ‘मग खटला चालू द्या’ असे म्हणावयास जागा मिळते. आणि आपलेपणा हा तर तत्त्वाचा शत्रूच होय. कारण जो आपला नाही त्याच्या वेळी तो मुकाट्याने काढून घेता येतो. तिसरा एक आधार आहे आणि तो वाङ्मयाच्या अभ्यासकांना जवळचा आहे, असे मला सुचवावयाचे आहे. त्याचा संबंध वाचनाशी आहे.

२

प्रत्यर्पणाचा कायदा बारकाईने पाहिला तर तो भाषांतराच्या एका सिद्धान्तासारखा दिसू लागतो. ज्या कृत्यासाठी माणूस मागितला जातो ते कृत्य मागणाऱ्या आणि देणाऱ्या अशा दोन्ही देशांच्या कायद्यांत गुन्हा असले पाहिजे, ही त्यातली पहिली अट. म्हणजे ‘गुन्हा’ नावाचे विधान एका भाषेतून दुसऱ्या भाषेत अर्थ न गमावता नेता आले पाहिजे. चोरी ही दोन्हीकडे चोरी असते. तिचे भाषांतर होते. दुसरे तत्त्व विशिष्टतेचे. ज्या आरोपांसाठी माणूस स्वाधीन केला त्याच आरोपांवर त्याच्यावर खटला चालावा, इतरांवर नव्हे. एखाद्या संहितेतील नेमके उतारे वाचावयास द्यावेत आणि वाचकाने त्यांच्याबाहेर जाऊ नये, असाच हा निर्बंध आहे.

पण सर्वांत अर्थपूर्ण आहे तो राजकीय गुन्ह्याचा अपवाद. १८७०च्या ब्रिटिश प्रत्यर्पण कायद्याने हा अपवाद मान्य केला होता. भारताच्या १९६२च्या प्रत्यर्पण कायद्याच्या ३१व्या कलमातही तो आहे. त्यामागील भूमिका अशी की काही कृत्यांचा अर्थ एका विशिष्ट सत्तेच्या आणि तिच्या प्रजेच्या संबंधातच उत्पन्न होतो. राजद्रोह हा सर्वत्र द्रोह नसतो. तो त्या राजापुरता द्रोह असतो. त्या संबंधाबाहेर काढल्यावर त्या कृत्याचे भाषांतर होत नाही. राजकीय गुन्ह्याचा अपवाद म्हणजे अननुवादनीयतेला कायद्याने दिलेली कबुली होय.

हे लक्षात घेतले म्हणजे सावरकरांच्या अटकेतील एका तांत्रिक वाटणाऱ्या तपशिलाचे महत्त्व कळते. त्यांच्याविरुद्ध वापरला गेला तो १८७०चा कायदा नव्हे, तर १८८१चा पळून गेलेल्या गुन्हेगारांसंबंधीचा कायदा. तो साम्राज्याच्या एका भागातून दुसऱ्या भागात माणूस पाठवण्यासाठी होता आणि त्यात राजकीय गुन्ह्याचा अपवाद नव्हता. साम्राज्य स्वतःला एकच संहिता मानत होते. तिच्या आत सीमा नव्हती, म्हणून भाषांतराचा प्रश्नही नव्हता. अटकेपूर्वी काही काळ सावरकर पॅरिसमध्ये होते. तेथून त्यांना मागावयाचे असते तर राजकीय गुन्ह्याचा प्रश्न उपस्थित झाला असता. लंडनमध्ये तो उपस्थितच होऊ शकला नाही. खाडीच्या एका बाजूला जो राजकीय आश्रित ठरू शकत होता, तोच दुसऱ्या बाजूला केवळ पळालेला आरोपी होता.

सीमेचा हा महिमा त्याच वर्षी हिंदुस्थानातही दिसला. १९१०च्या एप्रिलमध्ये अरविंद घोष फ्रेंच पाँडिचेरीत पोहोचले. ‘कर्मयोगिन्’मधील लेखाबद्दल त्यांच्यावर राजद्रोहाचे वॉरंट निघाले, पुढे त्या लेखाबद्दल मुद्रकाला झालेली शिक्षा कलकत्ता उच्च न्यायालयाने रद्द केली. लेख राजद्रोही नाही असे दुसऱ्या वाचनात ठरले. दुसरे वाचन होईपर्यंत लेखक सीमेपलीकडे सुरक्षित होता, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावी.

३

८ जुलै १९१० रोजी मार्सेय बंदरात ‘मोरिया’ बोटीच्या गवाक्षातून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, ते पोहत धक्क्यावर पोहोचले आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा बोटीवर दिले. ही घटना मराठी मनात साहसकथा म्हणून इतकी रुजली आहे की तिच्यातील खरा प्रश्न झाकला गेला आहे. उडीचा पल्ला किती, पोहण्याचे अंतर किती, यांवर शाई खर्च झाली. उडी मारणाऱ्याने ज्या भूमीवर पाय ठेवला ती भूमी त्याला काय देणे लागत होती, याची चर्चा मराठीत त्या मानाने थोडी झाली.

ती चर्चा फ्रान्समध्ये मात्र झाली. जाँ जोरेस आणि त्यांचे पत्र ‘ल्युमानिते’ यांनी, तसेच मार्क्सचे नातू जाँ लोंगे यांनी, या प्रकरणी आवाज उठवला. हे समाजवादी होते. सावरकरांच्या राष्ट्रवादाशी त्यांचे विचारैक्य होते असे म्हणता येणार नाही. त्यांचा आग्रह फ्रेंच भूमीवरील आश्रयाच्या हक्काविषयी होता. अखेर फ्रान्स आणि ब्रिटन यांनी २५ ऑक्टोबर १९१० रोजी करार करून प्रश्न लवादाकडे सोपवला.

लवादाचा निर्णय २४ फेब्रुवारी १९११ रोजी आला. फ्रेंच शिपायाने केलेल्या अटकेत व हवाली करण्यात अनियमितपणा होता हे लवादाने मान्य केले. परंतु त्यात ब्रिटनने फसवणूक वा बळजबरी केलेली नसल्याने, परकीय नोकराच्या चुकीमुळे कैद्याला परत देण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय कायद्याचा कोणताही नियम नाही, असे त्याने ठरवले. चूक झाली, पण ती सुधारण्याचे कर्तव्य कोणाचेच नाही, असा या निर्णयाचा आशय आहे. संपूर्ण वादात दोन राज्ये पक्षकार होती. ज्याच्या देहाविषयी वाद होता तो पक्षकार नव्हता. हक्क फ्रान्सचा भंगला की नाही, हे तपासले गेले. सावरकरांचा स्वतःचा असा काही हक्क असू शकतो, ही कल्पना त्या संहितेत बसतच नव्हती.

आणखी एक गोष्ट कालक्रमातच दडलेली आहे. मुंबईच्या विशेष न्यायाधिकरणाने सावरकरांना पहिली जन्मठेप २३ डिसेंबर १९१० रोजी दिली, दुसरी ३० जानेवारी १९११ रोजी. या न्यायाधिकरणापुढे ज्यूरी नव्हती आणि त्याच्या निर्णयावर अपील नव्हते. म्हणजे माणूस न्यायाधिकरणाच्या ताब्यात न्याय्यपणे आला आहे की नाही याचा निर्णय होण्यापूर्वीच त्याला दोनदा जन्मठेप देऊन झाली होती.

४

आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. छळाच्या हेतूने मागितलेला लेखक परत देऊ नये, याचे कारण त्याचे लेखन परकीय न्यायालयात चुकीचे वाचले जाईल, असे पुष्कळदा दिले जाते. १९०८च्या टिळकांच्या खटल्यात या युक्तिवादाला भक्कम आधार होता. ‘देशाचे दुर्दैव’ आणि ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हे ‘केसरी’तील लेख सात युरोपीय आणि दोन पारशी ज्यूररांपुढे इंग्रजी भाषांतरातून आले, भाषांतरात मूळ शब्दांच्या छटा बिघडल्या आहेत, अशी टिळकांची तक्रार होती. सात विरुद्ध दोन मतांनी ते दोषी ठरले. हा भाषांतराचा अन्याय होता असे सहज म्हणता येते.

परंतु केवळ चुकीच्या वाचनावर उभा केलेला युक्तिवाद पुरत नाही, हे सावरकरांच्या थोरल्या बंधूंच्या, गणेश दामोदरांच्या, खटल्यावरून दिसते. १९०९ साली काही मराठी कवितांबद्दल त्यांना जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली. मुंबई उच्च न्यायालयात ते प्रकरण ज्या दोन न्यायमूर्तींपुढे आले त्यांपैकी एक नारायण गणेश चंदावरकर होते. प्रार्थना समाजाचे धुरीण, १९०० साली काँग्रेसचे अध्यक्ष, संतवाङ्मयात रमणारे असे हे गृहस्थ. त्यांना मराठी समजत नव्हते असे कोण म्हणेल? कवितांत येणारी देवांची आणि शिवाजीची नावे हे निमित्त आहे. तलवार हाती घेऊन प्रस्तुतचे सरकार उलथावे हा खरा आशय आहे, असे त्यांनी निकालात ठरवले. समीक्षेच्या दृष्टीने पाहिले तर हे वाचन मुळीच अडाणी नाही. वाच्यार्थामागील व्यंग्यार्थ त्यांनी ओळखला. पौराणिक रूपकातून चालू राजकारण बोलण्याची त्या काळातील मराठी कवितेची व नाटकाची रीत ज्याला माहीत आहे, तो त्यांच्याशी फारसे भांडणार नाही.

मग अन्याय कोठे झाला? अन्याय वाचनात नव्हता. तो वाचनानंतरच्या पावलात होता. कवितेचा अर्थ ‘युद्धाला उद्युक्त करणे’ असा आहे, येथपर्यंत समीक्षा होती. म्हणून कविता हेच युद्धाचे कृत्य होय आणि ती प्रसिद्ध करणाऱ्याने आयुष्यभर अंदमानात राहावे, हे समीक्षेपलीकडचे होते. समीक्षेतले कोणतेही वाचन शेवटचे नसते. आज मी मर्ढेकरांची कविता एका रीतीने वाचली, तर उद्या माझा विद्यार्थी ती दुसऱ्या रीतीने वाचेल आणि मला खोडून काढील. आमच्या विद्याशाखेचा प्राणच त्यात आहे. फौजदारी न्यायालयाचे वाचन मात्र कोठेतरी थांबते आणि जेथे ते थांबते तेथे एक देह जोडलेला असतो. स्टॅन्ली फिश यांनी वाचकसमूहांची जी कल्पना मांडली तिला येथे पुरवणी जोडावी लागते. अर्थ वाचकसमूह ठरवतो हे खरे. पण ज्या वाचकसमूहाच्या हाती तुरुंग आहे तो इतर सर्व वाचकसमूहांना गप्प करू शकतो.

छळणारी सत्ता लेखकाला मागते तेव्हा ती तीन भूमिका एकदम मागत असते. ती आरोपाची लेखक असते, पुराव्याची वाचक असते आणि अर्थाची अंमलबजावणी करणारीही तीच असते. या तिहेरी एकाधिकाराबाहेर जगात एकच जागा उरते, ती म्हणजे लेखक ज्या भूमीवर उभा आहे ती भूमी. म्हणून आश्रय म्हणजे निर्दोषत्वाचा दाखला नव्हे, की सहमतीची पावतीही नव्हे. आश्रय म्हणजे दुसऱ्या वाचनाची शक्यता राखून ठेवणे. कलकत्त्याच्या न्यायालयाने ‘कर्मयोगिन्’चा लेख पुन्हा वाचला, तो वाचला जाईपर्यंत पाँडिचेरीने लेखकाला जपले. प्रत्यर्पणाला विरोध करावयाचा तो याच शक्यतेसाठी.

५

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. सावरकरांवरील आरोप केवळ भाषणांचे नव्हते. लंडनहून पिस्तुले पाठवल्याचा आरोप त्यांच्यावर होता आणि २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या नाट्यगृहात कलेक्टर जॅक्सन यांचा खून झाला होता. जॅक्सन हे संस्कृतचे व्यासंगी होते. रंगमंचासमोर मारला गेलेला तो माणूस आपल्या सिद्धान्तात केवळ संदर्भ म्हणून उरता कामा नये. शब्दांना आश्रय द्यावा हे मान्य केले, तरी पिस्तुलांना का द्यावा?

या आक्षेपाचे मी दोन भाग करतो. पहिला असा की हिंसेचा आरोप असलेल्या माणसाला कोठेही, कधीही जाब विचारू नये, असे माझे म्हणणे नाही. पण सावरकरांच्या बाबतीत १९०६ सालची हिंदुस्थानातील भाषणे आणि १९०९ सालची पिस्तुले एकाच मागणीत बांधली गेली होती. सत्ता हे नेहमीच करते. कृत्याचे वजन शब्दावर पडावे आणि शब्दाचा धाक कृत्याला मिळावा, अशी ती गाठ असते. प्रत्यर्पण मागणाऱ्याने ही गाठ सोडावी; तो सोडणार नसेल तर ज्याच्याकडे मागितले त्याने माणूस देऊ नये. दुसरा भाग असा की जेथे ज्यूरी नाही, अपील नाही, तेथे गंभीर आरोप हे स्वाधीन करण्याचे नव्हे तर न करण्याचे कारण ठरते. आरोप जितका मोठा, तितकी दुसऱ्या वाचनाची गरज मोठी.

आरोपीच्या चारित्र्यावर हा हक्क अवलंबून नसतो, हे मुंबईच्या अगदी वेगळ्या प्रकरणातूनही कळते. अबू सालेम याला पोर्तुगालने २००५ साली भारताच्या स्वाधीन केले ते शिक्षेच्या मर्यादेचे वचन घेऊन. ते वचन पाळण्यास सरकार बांधील आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ साली सांगितले. येथे ना पत्रकार होता, ना छळ. कोणाची सहानुभूतीही नव्हती. तरीही दोन देशांमध्ये दिलेल्या शब्दाची किंमत न्यायालयाने राखली. अशा माणसाच्या बाबतीतही प्रत्यर्पण विनाशर्त नसेल, तर लेखकाच्या बाबतीत ते विनाशर्त कसे असेल?

६

सिद्धान्ताच्या क्षेत्रातील आपण मंडळी अशा प्रसंगी काय करतो? ग्रंथांना लेखक असण्याची प्रथा, लेखकाला शिक्षा होऊ शकते या शक्यतेतून रुजू लागली, असे मिशेल फूको यांनी १९६९च्या आपल्या प्रसिद्ध व्याख्यानात सुचवले होते. ‘लेखकाच्या मृत्यू’ची घोषणा आपल्याकडे १९९०च्या दशकात उत्साहाने गिरवली गेली, पण शासनसंस्थेने त्या घोषणेवर कधीच विश्वास ठेवला नाही. तिच्या दृष्टीने लेखक जिवंतच असतो आणि म्हणून पकडता येतो.

फूको केवळ व्याख्यान देऊन थांबले नाहीत. १९७७ साली पश्चिम जर्मनीने क्लाउस क्रोआसाँ या वकिलाचे प्रत्यर्पण फ्रान्सकडे मागितले. क्रोआसाँ हे सशस्त्र गटाच्या आरोपींचे वकील. फूको यांनी त्याविरुद्ध लिहिले आणि ते तुरुंगाबाहेर निदर्शनासही गेले. परंतु पश्चिम जर्मनी फॅसिस्ट आहे असे ठरवणाऱ्या पत्रकावर सही करण्यास त्यांनी नकार दिला. देल्यूझ यांच्याशी त्यांचा दुरावा होण्यात या मतभेदाचा वाटा होता. वकिलाला देऊ नका एवढेच त्यांचे म्हणणे होते. त्याच्या अशिलांचे समर्थन त्यांना करावयाचे नव्हते. क्रोआसाँ यांना १६ नोव्हेंबरला जर्मनीच्या स्वाधीन करण्यात आले. पण विरोधाची शिस्त कशी असते याचे हे उदाहरण आहे.

ज्युलियन असांज यांच्या प्रकरणात ही शिस्त दोन्ही बाजूंनी सुटली, असे मला वाटते. अमेरिकेची युद्धविषयक गोपनीय कागदपत्रे प्रसिद्ध केल्यावरून त्यांना मागण्यात आले. एप्रिल २०१९पासून ते लंडनच्या बेलमार्श तुरुंगात होते. त्यांचे चाहते त्यांना संत ठरवत होते, विरोधक त्यांच्या स्वभावदोषांची यादी वाचत होते. जणू आश्रय हे चारित्र्याचे बक्षीस असावे. ४ जानेवारी २०२१ रोजी ब्रिटिश न्यायालयाने प्रत्यर्पण नाकारले ते आत्महत्येच्या धोक्यामुळे. पत्रकारितेच्या हक्काचा मुद्दा मात्र त्याने फेटाळला. तो नकारही पुढे उलटला गेला. जून २०२४मध्ये असांज यांनी एका आरोपाची कबुली दिली आणि ते सुटले. माणूस मोकळा झाला. प्रश्न अनिर्णित राहिला. करुणेने जे मिळते ते हक्काने मिळत नाही आणि पुढच्या पत्रकाराला ते दाखला म्हणून दाखवता येत नाही.

७

२६ मे १९२० रोजी गांधींनी ‘यंग इंडिया’त सावरकर बंधूंच्या सुटकेची मागणी करणारा लेख लिहिला. लंडनमधील ज्या क्रांतिकारक विचारांना उत्तर म्हणून १९०९ साली त्यांनी ‘हिंद स्वराज’ लिहिले, त्या विचारांचे सावरकर हे अग्रणी होते. आणि ते ‘हिंद स्वराज’ही १९१०च्या मार्चमध्ये, म्हणजे सावरकरांना लंडनमध्ये अटक झाली त्याच महिन्यात, मुंबई सरकारने जप्त केले होते. परस्परांना खोडून काढणाऱ्या दोन लेखकांची पुस्तके एकाच सरकारने एकाच भयाने वाचली. त्यांपैकी एकाने दुसऱ्यासाठी लिहिले.

म्हणून कसोटी अशी सांगता येईल. मालेगावातील मोमीन विणकराच्या पणतवाने सावरकरांचे पुढील हिंदुत्व संपूर्णपणे नाकारावे. ते नाकारण्याची त्याच्याकडे पुरेशी कारणे आहेत. परंतु मार्सेयच्या धक्क्यावर उभ्या असलेल्या त्या ओल्या माणसाला फ्रान्सने परत देऊ नये होते, हे त्याला मान्य करता आले पाहिजे. कारण आग्रा रोडने आलेल्या त्याच्या पूर्वजालाही कोणीतरी परत दिले नव्हते. आणि मार्सेयची उडी ज्याला पाठ आहे त्याने, आज एखाद्या देशात लपलेला, त्याला न आवडणारे लिहिणारा, परक्या धर्माचा किंवा परक्या पक्षाचा पत्रकार मागितला जात असेल तेव्हा, ‘देऊ नका’ असे म्हणता आले पाहिजे. या दोघांपैकी एकालाही हे सोपे जाणार नाही. ज्याला ते सोपे जाते तो बहुधा आपल्याच माणसासाठी बोलत असतो.